नऊ सामने जिंकूनही प्रशिक्षक गेला : सोलिच प्रकरणाचा फेरविचार

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून ओमाहात राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दर शनिवारी येथे सगळे राज्य नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचा सामना पाहत असते. माझे कार्यालयातील सहकारी २००३ साली मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढून टाकल्याबद्दल अजूनही तावातावाने बोलतात. त्या हंगामात संघाने नऊ सामने जिंकले होते आणि तीनच गमावले होते, असे ते सांगतात. मग काढण्याचे कारण काय होते, आणि आज पाहता तो निर्णय चुकीचा म्हणायचा का?
— एक वाचक, ओमाहा, अमेरिका

उत्तर : निर्णय चुकीचा होता, असे माझे मत आहे, परंतु त्यासाठी आपले सहकारी जे कारण देतात ते मला पुरेसे वाटत नाही. नऊ सामने जिंकणाऱ्याला कोणी काढते का, हा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. पण ज्या संघाने १९६९ ते २००१ अशी सलग ३३ वर्षे दर हंगामात किमान नऊ सामने जिंकले होते, तेथे नऊ हा आकडा पराक्रमाचा राहिलेला नव्हता, तो पायंडा झाला होता. तेव्हा आधी सोलिच यांच्या विरोधातील बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे योग्य होईल.

सोलिच हे बाहेरून आलेले गृहस्थ नव्हते. साठच्या दशकात ते तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांच्या हाताखाली नेब्रास्कासाठी खेळले, १९७९ पासून टॉम ऑसबॉर्न यांचे सहायक होते, आणि ऑसबॉर्न यांनी १९९४, १९९५ व १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून निवृत्ती घेतली तेव्हा १९९८ च्या हंगामापासून संघ त्यांच्याकडे आला. १९९९ मध्ये त्यांनी १२ सामने जिंकून एकच गमावला आणि बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठ संघांच्या साखळीचे विजेतेपद मिळवले. २००१ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, एरिक क्राउच याला देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. नोव्हेंबर २००१ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संघ अपराजित होता.

त्यानंतर कोलोरॅडोने त्यांना ६२–३६ असे झोडपले. गणकयंत्रांच्या क्रमवारीमुळे नेब्रास्काला तरीही राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात जागा मिळाली आणि तेथे मायामीने ३७–१४ असा धुव्वा उडवला. पुढच्या वर्षी सात विजय आणि सात पराभव झाले, नऊ विजयांची ती ३३ वर्षांची परंपरा खंडित झाली, आणि १९८१ पासून सलग ३४८ आठवडे राष्ट्रीय क्रमवारीत असलेले संघाचे नाव तिच्यातून गळाले. २००३ मध्ये नऊ विजय मिळाले खरे, पण जे तीन सामने गमावले ते मिसुरीविरुद्ध २४–४१, टेक्सासविरुद्ध ७–३१ आणि कॅन्सस स्टेटविरुद्ध ९–३८ असे होते. यातील एकही पराभव निसटता नव्हता. कोलोरॅडोच्या त्या सामन्यापासून हिशेब केला तर १६ विजय आणि १२ पराभव भरतात. क्रीडा संचालकाने हे आकडे पाहून चिंता करू नये, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरीही मला तो निर्णय चुकीचा वाटतो, कारण चिंतेचे निदान आधीच झालेले होते आणि त्यावरचा उपचारही सुरू होता. २००२ च्या घसरणीनंतर सोलिच यांनी आपल्या सहायकांची फळी मोठ्या प्रमाणावर बदलली. बचावाची जबाबदारी बो पेलिनी या तरुण प्रशिक्षकाकडे दिली आणि आक्रमणाच्या चाली ठरवण्याचे काम, जे ते स्वतः करत आले होते, ते बार्नी कॉटन यांच्याकडे सोपवले. आपल्या हातातील काम स्वेच्छेने सोडून देणारे मुख्य प्रशिक्षक फार आढळत नाहीत. या बदलांनंतरच्या पहिल्याच हंगामात पराभवांची संख्या सातवरून तीनवर आली. २८ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारी, संघाने त्याच कोलोरॅडोला ३१–२२ असे हरवले आणि दुसऱ्या दिवशी रात्री सोलिच यांना घरी पाठवण्यात आले. सुधारणा करायला सांगायचे, ती झाल्याची पहिली चिन्हे दिसायची, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस बदलायचा, यात मला व्यवस्थापनाचे धैर्य दिसत नाही, उतावळेपणा दिसतो.

आणि यापेक्षा मोठा दोष पुढचा आहे. काढल्यावर कोणाला आणायचे, याचे उत्तर त्या दिवशी कोणाच्याही हातात नव्हते. शोध ४१ दिवस चालला. दरम्यान बो पेलिनी यांच्या हंगामी नेतृत्वाखाली संघाने अलामो बोल या हंगामोत्तर सामन्यात मिशिगन स्टेटला १७–३ असे हरवले. जानेवारी २००४ मध्ये बिल कॅलाहन यांची निवड झाली. ते व्यावसायिक फुटबॉलमधील ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षक होते. एका वर्षी त्यांनी तो संघ सुपर बोल या व्यावसायिक विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेला होता आणि पुढच्याच वर्षी चार विजय व बारा पराभव अशी अवस्था झाल्याने त्यांना तेथून काढण्यात आले होते. महाविद्यालयीन संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी यापूर्वी कधीच भूषवले नव्हते. नऊ विजयांत समाधान नाही म्हणून एका प्रशिक्षकाला निरोप द्यायचा आणि नुकत्याच बारा सामने हरलेल्या प्रशिक्षकाला आणायचे, या व्यवहाराचे समर्थन करणे मला आजवर जमलेले नाही.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात तालमींच्या संघांचे फुटबॉल पाहायला मैदान भरते, पण महाविद्यालयाच्या संघाचा प्रशिक्षक बदलला म्हणून अख्खे राज्य वीस वर्षे वाद घालते हे समजत नाही. असा निर्णय तेथे नेमका कोण घेतो?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रथम एक खुलासा करतो : हा खेळ आपण खेळता तो फुटबॉल नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत पुढे नेण्याचा तो अमेरिकी खेळ आहे. नेब्रास्कात व्यावसायिक फुटबॉलचा संघच नाही, त्यामुळे राज्याची सगळी निष्ठा लिंकन शहरातील विद्यापीठाच्या संघाला मिळते. तेथील मेमोरियल स्टेडियममध्ये १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेल्याची नोंद आहे, आणि सामन्याच्या दिवशी ते मैदान ओमाहा व लिंकन यांच्याखालोखाल राज्यातील तिसरे मोठे शहर होते, असे लोक अभिमानाने सांगतात. आपल्या पेठांची ईर्षा डोळ्यांसमोर आणली तर त्या जिव्हाळ्याचा अंदाज आपल्याला सहज येईल.

प्रशिक्षक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाकडे असतो. त्याला वरिष्ठांची संमती लागते, परंतु व्यवहारात शब्द त्याचाच चालतो. २००३ मध्ये हे पद स्टीव्ह पेडरसन यांच्याकडे होते. ते मूळचे नेब्रास्काचे, पिट्सबर्ग विद्यापीठातील कारकीर्द यशस्वी करून डिसेंबर २००२ मध्ये घरी परतलेले. सोलिच यांना काढताना हा संघ सुमारपणाकडे घरंगळू देणार नाही आणि ओक्लाहोमा व टेक्सास यांच्यापुढे शरण जाणार नाही, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. नवा संचालक आपल्या नेमणुकीचा प्रशिक्षक असावा अशी इच्छा बाळगतो, हे अमेरिकेत नवे नाही. सोलिच त्यांना वारशाने मिळाले होते, त्यांनी निवडलेले नव्हते. या गोष्टीचा निर्णयात किती वाटा होता हे मोजता येणार नाही, पण तो शून्य होता असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते.

प्रश्न : कॅलाहन अपयशी ठरले म्हणून सोलिच यांना काढणे चूक होते, असे म्हणणे म्हणजे निकाल पाहून निवाडा देणे नव्हे का? कॅलाहन यशस्वी झाले असते तर पेडरसन यांना दूरदर्शी म्हटले गेले असते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच वरच्या उत्तरात मी कॅलाहन यांच्या कारकिर्दीचे आकडे मुद्दाम दिले नाहीत. आता देतो. चार हंगामांत २७ विजय आणि २२ पराभव. पहिल्याच वर्षी पाच विजय व सहा पराभव झाले. १९६१ नंतर प्रथमच संघ विजयांपेक्षा अधिक पराभव घेऊन बाहेर पडला आणि सलग ३५ वर्षे बोल सामना खेळण्याची परंपरा संपली. त्याच वर्षी टेक्सास टेकने ७०–१० असे हरवले. २००६ मध्ये नऊ विजय मिळाले आणि साखळीच्या उत्तर गटाचे अव्वल स्थानही मिळाले, हे नमूद केले पाहिजे. परंतु २००७ मध्ये बचाव इतका कोसळला की कॅन्ससने एकाच सामन्यात ७६ गुण केले. त्या हंगामाच्या आरंभी पेडरसन यांनी कॅलाहन यांचा करार वाढवून दिला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर पेडरसन यांनाच काढण्यात आले, त्यांच्या जागी ऑसबॉर्न परत आले, आणि हंगाम संपताच कॅलाहनही गेले.

हे सगळे २००३ मध्ये कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि निर्णयाचे मूल्यमापन करताना ते बाजूला ठेवले पाहिजे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण त्या दिवशी ठाऊक असलेल्या काही गोष्टींकडे पाहा. ऑसबॉर्न यांच्या पहिल्या सहा हंगामांत, म्हणजे १९७३ ते १९७८ मध्ये, ५५ विजय, १६ पराभव आणि दोन बरोबरी अशी नोंद होती. सोलिच यांच्या पहिल्या सहा हंगामांत ५८ विजय आणि १९ पराभव होते. टक्केवारीत ऑसबॉर्न किंचित पुढे आहेत, इतकेच. त्या सहा वर्षांत ऑसबॉर्न यांच्याकडे एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हते. ओक्लाहोमाविरुद्ध त्यांनी पहिले पाच हंगाम सतत पराभव पत्करला, सहाव्या वर्षी १७–१४ असा विजय मिळवला, आणि त्याच वर्षीच्या ऑरेंज बोलमध्ये पुन्हा ओक्लाहोमाशीच गाठ पडून हरले. लोकांच्या नाराजीला कंटाळून ते १९७८ च्या अखेरीस कोलोरॅडो विद्यापीठाकडे जाण्याच्या बेतात होते. पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळाले ते बाविसाव्या हंगामात.

त्याआधीचे उदाहरण डेव्हेनी यांचे आहे. १९६७ आणि १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांचा संघ सहा विजय व चार पराभव इतक्यावर थांबला आणि त्यांना हटवण्याची मागणी झाली. विद्यापीठ त्यांच्या पाठीशी राहिले. डेव्हेनी यांनी आक्रमणाची रचना बदलण्याचे काम तेव्हाच्या तरुण सहायकाकडे, म्हणजे ऑसबॉर्न यांच्याकडे दिले, आणि १९७० व १९७१ मध्ये संघ देशात पहिला आला. थोडक्यात, घसरण झाली की प्रशिक्षकाने सहायक व पद्धत बदलायची आणि विद्यापीठाने त्याला वेळ द्यायचा, हा प्रयोग नेब्रास्काने स्वतःच्याच अंगणात केलेला होता व तो फळलेलाही होता. सोलिच २००३ मध्ये नेमके तेच करत होते. हा इतिहास पेडरसन यांना अवगत नव्हता असे कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र पेडरसन यांच्या बाजूने सांगायला हवी. सोलिच यांना ठेवले असते तर नेब्रास्काचे वैभव टिकलेच असते, असे मी म्हणणार नाही. बिग ट्वेल्व्हचे सामने १९९६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून नेब्रास्काला टेक्साससारख्या खेळाडूंची खाण असलेल्या राज्यांशी एकाच साखळीत झुंजावे लागत होते. शैक्षणिक पात्रता अंशतःच पूर्ण करणाऱ्या ज्या खेळाडूंना नेब्रास्का पूर्वी घेत असे, त्यांच्यावर नव्या साखळीने मर्यादा घातल्या. एका संघाला देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा ८५ वर आली होती. तेव्हा जेमतेम सतरा लाख वस्ती असलेल्या राज्यात उत्तम खेळाडू मुळातच थोडे निपजतात, आणि बाहेरून मुले आणण्याच्या बाबतीत सोलिच यांचे काम ढिले होते, ही टीका निराधार नव्हती. या अडचणी कोणाही प्रशिक्षकापुढे उभ्या राहिल्या असत्या. म्हणूनच संघाला त्या हकालपट्टीचा शाप लागला असे जे चाहते अर्धवट थट्टेने आणि अर्धवट श्रद्धेने बोलतात, ते मला पटत नाही. सांगाड्यातील कमकुवतपणाला शाप म्हटले की त्याचा अभ्यास करण्याची गरज उरत नाही.

मला खटकते ते हे की त्याच प्रकारचा निर्णय पुढे पुन्हा घेतला गेला. बो पेलिनी २००८ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले, सात वर्षांत ६६ सामने जिंकले, २७ गमावले आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजयांवर थांबले नाहीत. २०१४ मध्ये नऊ विजय व तीन पराभव अशा स्थितीत त्यांनाही काढण्यात आले. त्यांचा स्वभाव भडक होता, वागण्याविषयीच्या तक्रारी होत्या, त्यामुळे दोन्ही प्रकरणे तंतोतंत सारखी नाहीत. पण नंतर आलेल्या माइक रायली यांनी तीन वर्षांत १९ सामने जिंकले आणि १९ गमावले. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट याला मोठ्या थाटामाटात घरी आणले, तर त्याच्या वाट्याला १६ विजय व ३१ पराभव आले.

प्रश्न : मी अटलांटाजवळ राहते आणि माझा मुलगा जॉर्जिया विद्यापीठात शिकला. जॉर्जियाने २०१५ मध्ये मार्क रिक्ट यांना असेच नऊ विजय व तीन पराभव असताना काढले आणि पुढे दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. मग नेब्रास्काचाच निर्णय चुकीचा कसा?
— एक वाचक, जॉर्जिया, अमेरिका

उत्तर : आपले उदाहरण माझ्या मताची खरी कसोटी पाहणारे आहे. तारीखसुद्धा तीच आहे, २९ नोव्हेंबर. रिक्ट यांनी १५ वर्षांत १४५ सामने जिंकले होते, ५१ गमावले होते, आणि २००२ व २००५ मध्ये साखळीचे विजेतेपद मिळवले होते. म्हणजे त्यांचे पारडे सोलिच यांच्यापेक्षा हलके मुळीच नव्हते.

फरक पुढे काय होणार याच्या तयारीत आहे. जॉर्जियाचाच माजी खेळाडू कर्बी स्मार्ट तेव्हा अलाबामाच्या बचावाची धुरा सांभाळत होता. देशातील सर्वांत यशस्वी संघात तो अनेक वर्षे तयार झाला होता, आणि साउथ कॅरोलायनाचे प्रशिक्षकपदही त्या सुमारास रिकामे असल्याने थांबलो तर हा माणूस शेजारी जाईल, ही भीती अनाठायी नव्हती. रिक्ट गेल्यानंतर आठवड्याभरातच स्मार्ट याच्या नावाची घोषणा झाली. नेब्रास्काच्या ४१ दिवसांशी याची तुलना करा. दुसरे असे की रिक्ट यांना पंधरा वर्षे मिळाली होती. दुसऱ्या साखळी-विजेतेपदानंतर दशकभर तेथेच अडकून पडलेला संघ आणि एका वाईट वर्षातून नुकता सावरू लागलेला संघ यांची निकड एकसारखी मानता येत नाही. तिसरे, जॉर्जियात गुणी खेळाडूंची रेलचेल आहे. तेथे नव्या प्रशिक्षकाला घराबाहेर फार दूर जावे लागत नाही. या शेवटच्या मुद्द्याचे श्रेय अर्थातच कोणा संचालकाला देता येणार नाही.

तरी हेही लक्षात घ्या की स्मार्ट याचे पहिले वर्ष आठ विजय व पाच पराभव असे गेले, आणि विजेतेपदे आली ती २०२१ व २०२२ च्या हंगामांत, म्हणजे सहाव्या आणि सातव्या वर्षी. जॉर्जियाने सहा वर्षांचा हिशेब मागून त्याला अधेमधे हटवले असते, तर आपण आज हे उदाहरण दिले नसते.

प्रश्न : नंतर सोलिच यांचे काय झाले? विद्यापीठाने त्यांची कधी दखल घेतली का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : एक वर्ष घरी बसल्यावर २००५ च्या हंगामापासून ते अथेन्स या छोट्या गावातील ओहायो विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. तो संघ १९६८ नंतर एकाही बोल सामन्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. सोलिच यांनी त्याला २००६ मध्येच तेथे नेले, आणि २०११ मध्ये युटा स्टेटला २४–२३ असे हरवून त्या विद्यापीठाला इतिहासातील पहिला बोल विजय मिळवून दिला. सोळा हंगामांत ११५ विजय आणि ८२ पराभव अशी नोंद करून, प्रकृतीच्या कारणाने ते २०२१ मध्ये निवृत्त झाले. साखळीचे विजेतेपद मात्र त्यांना तेथे मिळाले नाही. चार वेळा अंतिम सामन्यात येऊन ते हरले. ती साखळी लहान विद्यापीठांची आहे, तेथील अपेक्षा आणि दडपण वेगळे असते, त्यामुळे ओहायोतील यश मी नेब्रास्काच्या निर्णयाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरणार नाही. त्या निर्णयाविरुद्धचा पुरावा २००३ च्या नोव्हेंबरमध्येच पुरेसा होता.

नेब्रास्काने त्यांना सन्मानाने बोलावले ते २०२३ च्या वसंतातील सराव-सामन्याच्या वेळी, तेही मॅट रुल या नव्या प्रशिक्षकाच्या काळात, आणि लिंकनमधील प्रेक्षकांनी त्यांचे उभे राहून स्वागत केले. रुल यांनी पुढच्या वर्षी सात विजय मिळवून संघाला २०१६ नंतरचा पहिला बोल सामना खेळवला व जिंकला. साखळीचे विजेतेपद नेब्रास्काने शेवटचे जिंकले ते १९९९ मध्ये, सोलिच यांच्याच हाताखाली.